ठणका नव्हे, कळ

कोल्हापूर, १२ जुलै १९५२

चि. सौ. श्यामलास,

अनेक आशीर्वाद. गुरुदत्तचं पत्र परवा आलं. तू यंदा चातुर्मासाचं मौन धरलंस हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमच्या माहेरात उपास सगळ्यांनी केले, पण जिभेला लगाम घालायचं व्रत आजवर कुणाला झेपलं नाही. झेपलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती. मी स्वतः वर्गात चार मिनिटं गप्प बसले तर मुलींना वाटतं, बाईंना ताप आला. तू चार महिने बसणार!

तिकडच्या मराठी बायका तुझ्या पाया पडायला घरी येतात असंही त्याने लिहिलंय. ऐकून फार बरं वाटलं. लग्नानंतर नागपूर, मग दोन वर्षांपूर्वी एकदम कलकत्ता, पोस्ट खात्याची नोकरी म्हणजे बिऱ्हाड पाठीवरच. अशा परक्या गावात तू घराण्याचं नाव काढलंस.

दाताचंही काही किरकोळ चाललंय म्हणे. लवंगेचं तेल लाव. लिहायला मौनाची आडकाठी नसते, तेव्हा चार ओळी धाड. लीनाला गोड पापा.

तुझी,
मंदावन्सं

कलकत्ता, २१ जुलै १९५२

ती. मंदावन्संस,

साष्टांग नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे, पण हे पत्र विनंतीचं नाही, तक्रारीचं आहे. मी कसलंही व्रत धरलेलं नाही.

माझ्या उजव्या गालात कळ येते. गेल्या वर्षीच्या श्रावणात सुरू झाली. नाकपुडीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढी एक जागा आहे. तिथे पदर लागला, पाण्याचा थेंब लागला, नुसता पंख्याचा वारा लागला तरी कळ निघते ती वरच्या जबड्यातून थेट डोळ्याखाली. विजेच्या तारेला ओला हात लागावा तशी. वीस मोजेपर्यंत राहते आणि जाते. गेली की मागे काही उरत नाही. गाल सुजत नाही, लाल होत नाही, अंगात ताप नाही. म्हणून कुणाला खरंच वाटत नाही. बोलायला ओठ हलवले की कळ, घास चावला की कळ, हसले तरी कळ. म्हणून मी बोलत नाही. लिहिताना ओठ हलत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आता व्रताची गोष्ट ऐका. आषाढी एकादशीला इथल्या मंडळात भजन होतं. मंडळाच्या बायकांत शकुनताईंचा शब्द शेवटचा. त्यांच्या तीन पिढ्या इथेच गेल्या. त्या हळदीकुंकू लावत रांगेने येत होत्या आणि त्यांच्याकडे हळद गालांना लावतात. बोट गालाजवळ आलं आणि मी त्यांचा हात झटकला. करंडा खाली पडला, कुंकू सतरंजीभर. सवाष्णीने कुंकवाचा हात झटकला, वन्सं! सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात हे पुरुषांतून उठून आले आणि हात जोडून म्हणाले, “चातुर्मासाचं मौन धरलंय तिने. कुणाचा स्पर्शही वर्ज्य केलाय.”

झालं. ज्या डोळ्यांत राग होता त्यांत भक्ती आली. हे सुटले आणि मी अडकले. आता बायका येतात, केळी ठेवतात, नमस्कार करतात. मी या उकाड्यात पंखा बंद करून डोक्याला शाल गुंडाळून बसते, त्याला त्या तप म्हणतात. मी वर्षभरात किती वाळले ते एकीलाही दिसत नाही.

आणि दाताचं किरकोळ चाललंय म्हणता! उजवीकडचे वरचे चार दात काढले. मी ते धुऊन उजेडात पाहिले. एकही किडलेला नव्हता. मी तेहतीस वर्षांची आहे आणि दंतवैद्य म्हणतात, अजून तीन काढायचे. लवंगेचं तेल मी कुठे लावू, रिकाम्या जागेला?

आत्ताच कळ येऊन गेली, म्हणून अक्षर वाकडं झालंय. कळेच्या भीतीने मी लीनाचा पापासुद्धा घेत नाही. तेवढा तुमचा निरोप पोचवायचा राहिला.

व्रतस्थ नसलेली,
श्यामला

कोल्हापूर, २ ऑगस्ट १९५२

चि. सौ. श्यामलास,

आशीर्वाद द्यायच्या आधी कबुली देते. मागचं कौतुकाचं पत्र मी मनापासून लिहिलं नव्हतं, सांगितलं म्हणून लिहिलं होतं. गुरुदत्तने मला कळवलं होतं की, ‘बदलीच्या रागाने तिने अबोला धरलाय. लोकांत मी व्रत म्हणून वेळ मारून नेली आहे. तू ते खरं मानून चार शब्द कौतुकाचे लिही, म्हणजे तिचा राग उतरेल आणि व्रतही पार पडेल.’ माझा धाकटा भाऊ बोलला आणि मी लेखणी उचलली. तुला एका शब्दाने विचारलं नाही. मुलींना मी रोज शिकवते की ऐकीव गोष्टीवर निबंध लिहू नका. मला त्या दिवशी कुणी पट्टी मारायला हवी होती.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वह्या तपासत होते. लाल शाई हातातच होती, त्याच सवयीने वाचलं. तू कळ हा शब्द सात वेळा लिहिलास. ठणका एकदाही नाही. अगं, तुझं मराठी मला ठाऊक आहे. किडका दात ठणकतो, गळू ठसठसतं, काटा सलतो. दातदुखीला कुणी कळ म्हणत नाही. मग तू त्या दंतवैद्याला नेमकं काय सांगितलंस?

आमच्या शाळेत मुलींना तपासायला डॉ. दिगंबर आठल्ये येतात. त्यांना तुझ्या पत्रातला तेवढा भाग वाचून दाखवला. चौथ्या ओळीला त्यांनी हात वर केला. म्हणाले, “हे दाताचं नाहीच. चेहऱ्याला जाणारा एक मज्जातंतू आहे, त्याचं दुखणं आहे. दात सगळे काढले तरी ते जायचं नाही.” चार काढले म्हटल्यावर त्यांनी खाली मान घातली. कलकत्त्याला मज्जातंतूंचे मोठे डॉक्टर आहेत, तिथेच जा म्हणाले. तोवर गार वारा टाळ, तोंड कोमट पाण्याने धू, डावीकडून खा. आणि कळ कशाने येते, किती वेळ राहते, ते रोज लिहून ठेव, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

गुरुदत्तला हे पत्र दाखव.

मंदावन्सं

कलकत्ता, ११ ऑगस्ट १९५२

ती. मंदावन्संस,

सा. नमस्कार. तुम्ही विचारलंत, दंतवैद्याला काय सांगितलं. मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते ह्यांनी.

दंतवैद्यांच्या खोलीत मी खुर्चीवर आणि हे माझ्या शेजारी उभे. दंतवैद्य बंगालीत विचारत, हे इंग्रजीत उत्तर देत. मी मराठीत ह्यांना सांगत होते की कळ येते, वाऱ्यानेही येते, दातात नाही, गालात. इतकं सगळं बोलायला मला तीनदा थांबावं लागलं. हे त्यांच्याकडे वळून म्हणाले, “टूथेक.” एवढंच. माझ्या एवढ्या वाक्यांचा तो एक शब्द झाला.

दंतवैद्यांनी चिमटा उचलला. तेव्हा मी भिऊन त्यांनाच थेट सांगायला गेले. तोंड उघडं, बोट गालाकडे, आणि शब्द एकच निघत होता, “कळ! कळ!” तर ते हसले. माझ्याशी हिंदीत बोलावं म्हणून म्हणाले, “कल नेहीं, आज ही निकालेगा. डरो मत.”

त्यांना वाटलं, बाई घाबरून उद्याची वेळ मागते आहे! मी दुखणं सांगत होते आणि त्यांनी तारीख ऐकली. आणि हे? हे हसले, वन्सं. त्यांना मराठी येतं. त्यांना माहीत होतं मी काय म्हणते आहे. दोन पुरुष हसत होते आणि माझी चांगली दाढ बशीत पडली.

ह्यांच्याबद्दल वाईटच लिहिते असं नको व्हायला. हे मला रोज पेज गाळून देतात, ऑफिसातून आल्यावर स्वतः घामाघूम बसतात पण पंखा लावत नाहीत. माया आहे. पण माझं ऐकायचं म्हटलं की कान बंद. तुमचं पत्र दाखवलं तर म्हणाले, “कोल्हापुरात बसून आठल्ये कलकत्त्याचे दात तपासतात वाटतं!” उरलेल्या तीन दातांसाठी २५ तारीख ठरली आहे.

मी टिपण ठेवायला लागले आहे. काल दिवसभरात एकतीस वेळा.

श्यामला

कोल्हापूर, १७ ऑगस्ट १९५२

चि. गुरुदत्तास,

आशीर्वाद शेवटी देईन, तू पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर.

२५ तारखेला तू श्यामलेला दंतवैद्याकडे नेणार नाहीस. तू मला खोटं लिहायला लावलंस, मी लिहिलं, त्याची लाज मला वाटते. तुला तिच्या चार दातांची वाटते का ते मला ठाऊक नाही. तू म्हणतोस ती रुसली आहे. रुसलेली बाई एकतीस वेळा रुसत नाही, रे.

दुभाष्याने दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं पोचवायचं असतं. पदरचं घालायचं नसतं आणि पदरात लपवायचंही नसतं. तुला ते जमत नसेल तर दुभाषा होऊ नकोस. ती मॅट्रिक झालेली आहे. तिचं ती लिहील. तू तो कागद मज्जातंतूंच्या डॉक्टरांच्या हातात दे आणि बाहेर बाकावर जाऊन बस. तुझी सगळी कामगिरी तेवढीच.

वाचलंस? मग आशीर्वाद.

मंदाताई

कलकत्ता, ३ सप्टेंबर १९५२

ती. मंदावन्संस,

सा. नमस्कार. तुम्ही ह्यांना काय लिहिलंत ते मला दाखवलं नाही. पत्र वाचून खिशात घातलं आणि दोन दिवस लीनाशीसुद्धा बोलले नाहीत. घरात दोघांचं मौन.

२५ला सकाळी म्हणाले, “चल.” मी रासबिहारी अव्हेन्यूवर ट्राममध्ये चढले ती लढायच्या तयारीने. खिडकी बंद करायला त्यांनी कंडक्टरला सांगितलं. धरमतल्ल्याचा थांबा आला, दंतवैद्याची पाटी दिसली, आणि हे उठले नाहीत. पुढे तीन थांब्यांवर उतरलो ते एका मोठ्या इस्पितळापाशी. त्यांनी आधीच वेळ घेऊन ठेवली होती. मला सांगितलं मात्र नाही. सांगण्याची सवयच नाही या माणसाला!

डॉ. शरच्चंद्र लाहिडी म्हणून वयस्कर गृहस्थ आहेत. मी माझा कागद पुढे केला. इंग्रजी मोडकंच, पण माझं. रोगाचं नाव मला कुठलं ठाऊक असणार? मी फक्त लिहिलं होतं की कुठून निघते, कुठवर जाते, कशाने येते, किती वेळ राहते, आणि ती गेल्यावर काहीच दुखत नाही. खाली एक चेहरा काढून जागेवर ठिपका दिला होता. त्यांनी दोनदा वाचलं. मग कापसाची बारीक वात करून त्या ठिपक्याच्या जागी हलकेच टेकवली. मी खुर्चीचा हात धरला. ते माझ्याकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. “एकोणीस सेकंद,” म्हणाले, आणि माझ्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली. वर्षभरात पहिल्यांदा कुणी माझ्या म्हणण्याखाली रेघ मारली. मला रडू आलं, आणि रडताना पुन्हा कळ.

मग तोंड उघडायला सांगितलं. आत बघून त्यांचा चेहरा बदलला. ह्यांना बाहेरून बोलावलं आणि विचारलं, हे दात कुणाच्या सांगण्यावरून काढले? तुमच्या पत्नीने इतकं स्वच्छ लिहिलंय, हे तुम्ही दंतवैद्याला का सांगितलं नाही?

हे इंग्रजीत म्हणाले, “ती जो शब्द वापरते त्याला इंग्रजी शब्द मला आला नाही. म्हणून टूथेक म्हटलं.”

ऐकलंत? एका शब्दासाठी! ‘मला येत नाही’ एवढं म्हणायला काय झालं होतं? ऑफिसात इंग्रजीत मसुदे लिहिणाऱ्या माणसाला परक्यापुढे शब्द अडला म्हणून माझे चार दात गेले. मला वाटलं होतं, त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. तसं असतं तर मी भांडले असते. पण हे तर शरमेने झालं. शरमेशी कुणी कसं भांडायचं? परत येताना मी ट्राममध्ये त्यांच्या शेजारी बसले नाही.

उपाय दोन सांगितले. गालात खोलवर सुई घालून त्या मज्जातंतूवर अल्कोहोल सोडायचं, म्हणजे तो मुका होतो. कळ थांबते, पण गाल, ओठ, हिरडी सगळं बधिर. कधी सहा महिने, कधी दोन वर्षं, मग पुन्हा परत येऊ शकतं. दुसरा उपाय डोकं उघडून शस्त्रक्रियेचा, तो इतक्यात नको म्हणाले. अर्धा चेहरा आपला राहणार नाही, वन्सं. हे म्हणतात, घे. तुम्ही काय म्हणता?

श्यामला

कोल्हापूर, ९ सप्टेंबर १९५२ (पोस्टकार्ड)

चि. सौ. श्यामलास,

मी काहीच म्हणणार नाही. आम्ही दोघा भावंडांनी तुझ्या वतीने पुष्कळ म्हणून झालं. तुला काय हवंय ते तू ठरव आणि मला फक्त कळव. डॉक्टरांना विचारायचं राहिलेलं सगळं आधी लिहून विचार, मग होकार दे.

मंदावन्सं

कलकत्ता, ३१ ऑक्टोबर १९५२

ती. मंदावन्संस,

सा. नमस्कार. दसरा झाला आणि मी सुई घेतली. घेताना जे झालं ते लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, आणि काही झालं नाही. पुन्हा मारलं. पदर ओला होईपर्यंत मारत राहिले. गाल मेल्यासारखा आहे. चहा ओठातून सांडतो, खाताना गाल आतून चावला जातो म्हणून आरशात बघून जेवते. चालेल. हा सौदा मी माझा केला आहे.

लीनाला हाक मारली तर ती दारात थबकली. म्हणाली, “आई, तुझा आवाज मला मनेच पडत नव्हता.” बंगालीत मने पडणं म्हणजे आठवणं. आमची लेक अर्धी बंगालीच झाली आहे, पण हे मला मराठीतही याहून नीट सांगता आलं नसतं.

आता परवाचं. कार्तिकी झाली आणि शकुनताई मौनाच्या उद्यापनाला बायका घेऊन घरी आल्या. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान देतात ना, ती पितळेची घंटासुद्धा त्यांनीच करवून आणली होती. हे मला आत येऊन म्हणाले, “एवढं निभावून ने. मग संपलं.”

मी बाहेर गेले. शकुनताईंनी घंटा माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “आता तुमचा पहिला शब्द देवाचा.” मी घंटा त्यांच्या मांडीवर परत ठेवली. म्हटलं, “मी व्रत केलं नव्हतं. मला दुखत होतं. चार महिने तुम्ही माझ्या पाया पडलात, आणि काय होतंय म्हणून एकीनेही विचारलं नाही.”

माझा बधिर ओठ वाकडा होत होता, शब्द नीट येत नव्हते, पण मी थांबले नाही. कुठून निघते, कशी जाते, सगळं सांगितलं. दातांच्या जागा दाखवल्या. कुणीतरी म्हणालं, देवाच्या नावाने खोटं! मी उत्तर द्यायच्या आत दारातून आवाज आला, “खोटं मी बोललो. ती नाही.” हे उभे होते. सगळ्यांसमोर, स्वतःहून, मराठीत. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही, पण तेवढं तुम्हाला कळवते, कारण ते खरं आहे.

बायका एकेक करून उठल्या. शकुनताई बसूनच राहिल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी विचारलं, “जागा कुठे म्हणालात?” मी बोट ठेवून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “माई.”

माई म्हणजे त्यांच्या सासूबाई. सासरे गेले तेव्हापासून तीन वर्षं त्या बोलत नाहीत, पेज पितात, एक हात गालाशी धरून आतल्या खोलीत बसतात. इथल्या सगळ्या मराठी घरांत सांगतात की माईंना वैराग्य आलं. सणावारी लोक दर्शनाला जातात. काल आम्ही दोघी गेलो. मी त्यांच्यासमोर पाटी धरली आणि एकेक प्रश्न लिहीत गेले, त्या फक्त मान हलवत होत्या. दुसऱ्याच प्रश्नाला त्यांनी माझं मनगट धरलं, ते सोडेचनात. सोमवारी त्यांना डॉ. लाहिडींकडे नेतो आहोत.

मी शकुनताईंवर चिडणार होते. तीन वर्षं एका घरात राहून विचारलं नाहीत, असं तोंडावर आलं होतं. पण गेल्या दिवाळीत मी स्वतः माईंच्या पाया पडून आले होते, वन्सं. माझ्या गालात कळ सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. माईंचा हात गालाशीच होता. मी तो पाहिला, आणि आशीर्वाद मागून घरी आले.

तुमची,
श्यामला